नळी बदलताना बिघडलेला भाग

ऑफिसात त्यांना सगळे मिलिमीटर म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि पुढे पुढे तर खऱ्या नावाने हाक मारली तर ती दोनदा मारावी लागे. नाव काही उगाच पडलं नव्हतं. जमिनीत बोअर घेतला की नळीतून दगडमातीचा गोल दांडा निघतो, त्याला कोअर म्हणतात. तो पेटीत नीट मांडायचा, वरपासून खालपर्यंत मोजायचा आणि किती खोलीवर काय लागलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं, हे त्यांचं काम. बाकीचे लोक "साधारण तीन मीटर" लिहून चहाला पळत. हे गृहस्थ तीन मीटर बारा मिलिमीटर लिहीत आणि चहा गार करून पीत.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी कोअरच्या शेडची किल्ली त्यांच्याकडेच होती. ती घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं, हे खरं कारण. पत्र्याचं लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, त्यांवर लाकडी पेट्या आणि प्रत्येक पेटीवर मोत्यासारख्या अक्षरात नंबर. आठवड्यातून दोनदा ते येत, झाडून घेत, पेट्या पुसत. घरी इकडची काडी तिकडे न करणारा हा माणूस शेडमध्ये फडकं घेऊन फिरायचा. बायको होती तोवर त्यावरून रोज एकदा तरी ऐकवायची.

त्या शुक्रवारी सकाळी लेक थेट शेडवरच आली. ती बापाच्याच वाटेने गेलेली, भूगर्भशास्त्रज्ञ. फरक एवढाच की बाप पेट्यांत रमला आणि ही बाई उन्हातान्हात खाणींच्या भिंतींसमोर तासन् तास उभी राहायची. बूट चिखलाने माखलेले होते. मिलिमीटरनी आधी बुटांकडे पाहिलं.

"पाय पुस."

"बाबा, तलावाच्या जागेवरचे बोअर काढा. एकोणीसच्या एकोणीस."

"आधी पाय पुस. मग एकोणीस."

तिने पाय पुसले आणि फोन त्यांच्या नाकासमोर धरला. शहरापासून अकरा किलोमीटरवर, टेकडीच्या पायथ्याला विटांच्या मातीची जुनी खाण होती, तिच्या भिंतीचा फोटो. भिंतीत पातळ थर, वहीच्या पानांसारखे एकावर एक सरळ बसलेले. आणि मध्येच हातभर जाडीचा एक पट्टा, ज्यात थरांचा पार चोळामोळा झालेला. खालची रेती वरच्या चिकणमातीत घुसलेली, मातीचे तुकडे उलटेपालटे पडलेले. त्या पट्ट्याच्या वर पुन्हा सगळं सरळ, जणू काही झालंच नाही.

"हा भूकंप आहे बाबा," लेक म्हणाली. "तेव्हा आपला तलाव पार त्या खाणीपर्यंत पसरला होता. त्याच्या तळाशी ओला गाळ बसत असताना जमीन जोरात हलली. रेतीचं पाणी झालं आणि ती वर घुसली. हलणं थांबलं, वर परत गाळ बसत गेला, सगळ्याचा दगड झाला. असे तीन पट्टे आहेत भिंतीत. खालचे दोन तुमच्या बोअरपेक्षा खोल आहेत, पण हा वरचा तुम्हाला लागलाच असणार. तीनदा हललंय इथे. तीनदा."

"कधी?"

"माणूस लिहायला लागायच्या आधी. म्हणून तर कुठल्या कागदात नाही."

तिची घाई कशासाठी होती ते मिलिमीटरना ठाऊक होतं. शहराच्या मधोमध, जिथे कधीकाळी तलाव होता त्या जागेवर, चार मजली शाळा उभी राहत होती. पाया भरून झाला होता, खांब अजून चढायचे होते. इथे भूकंप कधी झालाच नाही, असं धरून आराखडा केलेला. लेकीने शाळेच्या बांधकाम समितीला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की खाण टेकडीखाली आहे, टेकडी घसरून थर मोडले असतील. आमच्या जागेखाली दाखवा, मग बघू. सोमवारी बैठक होती. त्यानंतर काम सुरू झालं की खांबात एक जादा सळई घालायचीही सोय राहणार नव्हती. आणि त्या शाळेत मिलिमीटरच्या नातीचं, मुलाच्या मुलीचं, चिमणीचं नाव घालून झालं होतं.

"तोच पट्टा शाळेखाली दाखवला की त्यांची बोलती बंद," लेक म्हणाली. "तिथे घसरायला टेकडीच नाही."

मिलिमीटरची छाती फुगली. उभ्या जन्मात त्यांच्या पेट्यांसाठी कोणी असं धावत आलं नव्हतं. "माझ्याकडे सगळं आहे," असं म्हणत त्यांनी सात नंबरची पेटी उतरवली, टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं.

थर दिसले. सरळ, बारीक, फोटोतल्यासारखेच. दोन मीटर चौऱ्याण्णव सेंटिमीटरपर्यंत दांडा व्यवस्थित आला होता. मग लाकडाचा एक ठोकळा होता, रंधा मारलेला, कोअरच्याच जाडीचा. तीन मीटर एकतीसपासून पुढे पुन्हा सरळ थर. ठोकळ्यावर काळ्या शाईत मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: नळी बदलताना बिघडलेला भाग. काढला. खाली सही.

"हे काय आहे?" लेकीने विचारलं.

मिलिमीटरनी आठ नंबरची पेटी काढली. ठोकळा. नऊ नंबर. ठोकळा. बारावी पेटी उघडताना झाकण त्यांच्या हातून निसटलं, तेव्हा लेकीने उरलेल्या स्वतः उघडल्या. एकोणीस पेट्या, एकोणीस ठोकळे, सगळे तीन मीटरच्या आसपास, सगळे चोख मापाचे.

ही पद्धत त्यांचीच. बोअरची नळी तीन मीटरची. ती भरली की वर काढायची, दुसरी लावायची. नळी बदलताना हिसका बसतो आणि तिथला माल बऱ्याचदा मोडतो. मोडलेला माल पेटीत घरंगळतो, शेजारचे चांगले तुकडे खराब करतो. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की बिघडलेला भाग काढून टाकायचा आणि त्याच्या जागी नेमक्या मापाचा ठोकळा बसवायचा. बाहेरगावचे साहेब येऊन वाखाणून गेले होते, पेट्या असाव्यात तर अशा. तीन मीटरजवळ थर मोडलेले दिसले की नळीनेच मोडले, यात बघण्यासारखं काय होतं? त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलंच नव्हतं.

"काढला म्हणजे ठेवला कुठे?"

"ठेवला नाही. मागच्या खड्ड्यात टाकला."

"तो खड्डा..."

"बुजवला. वर डांबर घातलं. तुझी गाडी उभी आहे ना, तिथेच."

लेक स्टुलावर बसली. ती चिडली असती, दोन शब्द सुनावले असते, तर मिलिमीटरना बरं वाटलं असतं. ती नुसती ठोकळ्यांकडे बघत बसली, आणि या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांना मिस्त्री आठवला. बोअरचं मशीन चालवणारा मिस्त्री. सतरा वर्षांपूर्वी, याच शेडच्या दारात, तो हात कमरेवर ठेवून म्हणाला होता, "साहेब, वर सरळ, खाली सरळ, आणि मधल्या हातभरातच माझा हात बिघडला होय? खालूनच असं येतंय." आणि मिलिमीटर म्हणाले होते, "मिस्त्री, तुम्ही नळी चालवा, पेन मी चालवतो." सगळे खो खो हसले होते. वर्षअखेरीला कोणीतरी रजिस्टरमधले बिघडलेले भाग मोजले. एकोणीस भरले. खापर मिस्त्रीच्या डोक्यावर फुटलं, त्याला मशीनवरून काढून पाइपांच्या राखणीला बसवलं.

दुपारी बापलेक त्याच्या घरी गेले. मिस्त्री ओट्यावर बसून कुणाचा तरी पाण्याचा पंप उघडत होता. केस पिकले होते, हात मात्र तेच, काळे आणि शांत.

"सतरा वर्षांनी वाट चुकलात होय साहेब?"

लेकीने सगळं सांगितलं. मिस्त्रीने हात पुसले, आत गेला आणि रंगाचा जुना डबा घेऊन आला. डब्यात फडकं, फडक्यात वीतभर लांबीचा कोअरचा तुकडा.

"म्हटलं एक तरी ठेवावा," तो म्हणाला. "कधीतरी कोणी समजदार माणूस येईल." हे म्हणताना तो लेकीकडे बघत होता.

लेकीने तुकडा दोन्ही हातांत घेतला. खाली दोन बोटं सरळ थर, आणि त्यांच्यावर रेती चिकणमाती फाडून वर चढलेली. "बाबा, नळीने माल बिघडला तर कडा खाली ओढल्या जातात. ही बघा. ही वर गेलीय."

मिलिमीटरना हे शिकवायची गरज नव्हती. हाताखालच्या पोरांना तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं.

"कुठल्या बोअरचा हा?" लेकीने विचारलं. तिचे डोळे चमकत होते. "सातचा? नऊचा?"

मिस्त्रीने मान खाजवली. "ते नाही सांगता यायचं ताई. त्या वर्षी तलावाचं काम आणि तिकडे टेकडीखालच्या पुलाचं काम, दोन्ही एकदम चालू होती. सकाळी इथे, दुपारी तिथे. खिशात घातला एवढं आठवतं."

"खूण?"

"खुणेचा पेन साहेबांकडे असायचा."

तुकडा तलावाचा असेल तर सगळं होतं. पुलाचा असेल तर काहीच नव्हतं, कारण तो पूल त्याच टेकडीखाली होता. निघताना मिस्त्री म्हणाला, "माझा नातूही त्याच शाळेत जायचाय," आणि पुन्हा पंपाकडे वळला. माफीचा शब्द मिलिमीटरच्या ओठांवर आला होता. पण लेकीसमोर कसं म्हणायचं, आणि आता म्हणून काय होणार, असं करत करत ते पायऱ्या उतरून गाडीत बसले. मोठी माणसं कसली भित्री असतात बघा!

रविवारी दुपारी लेक आतल्या खोलीत बैठकीचे कागद लावत होती. मिलिमीटर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, तुकडा समोर. बाजूला चिमणी दोन खुर्च्यांवर चादर टाकून घर बांधत होती आणि त्यात कोण कोण राहणार ते मोठ्याने सांगत होती. आजोबांना तिने माळ्यावरची खोली दिली.

त्यांनी शर्टाच्या खिशातून काळा पेन काढला. आयुष्यात एक आकडा खोटा लिहिला नव्हता. पण पुलाच्या बोअरमध्ये अशी पिवळट रेती लागल्याचं त्यांना आठवत नव्हतं, म्हणजे तलावाचाच असणार, आणि तलावाचा म्हणजे सातचाच असायला काय हरकत आहे? हात अजिबात कापला नाही. मोत्यासारखं अक्षर उमटलं: बोअर ७, ३.१० मी.

लेक पाणी प्यायला बाहेर आली आणि तिथेच थांबली.

"बाबा, काय केलंत हे?"

"सातचाच होता. सातचाच असणार."

"होता की असणार?"

लेकीने तुकडा उचलून बोटाने शाई पुसून पाहिली. सच्छिद्र दगड तो. शाई आत गेली होती.

"बिनखुणेचा होता तर निदान दाखवता आला असता," ती म्हणाली. "सांगितलं असतं की कुठला ते माहीत नाही, पण नळीने असं होत नाही, एवढं तरी बघा. आता ही ताजी शाई बघून कोणी विचारलं तर मी काय सांगू? माझ्या बापाने काल लिहिलं म्हणून?"

"शाळा होतेय गं तिथे. चिमणी जाणार आहे."

"मला माहीत नाही का!" ती ओरडली. चादरीच्या घरातून चिमणीने डोकं बाहेर काढलं. लेकीने तुकडा फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला, डब्याचं झाकण घट्ट दाबलं आणि सिंकशी पाठमोरी उभी राहून रडली. मिलिमीटर पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न करत होते. ते बसत नव्हतं.

बैठक सोमवारी अकराला झाली. समितीच्या मध्यभागी मुख्य अभियंता होता. तो पोरसवदा असताना मिलिमीटरच्याच हाताखाली मोजायला शिकलेला. त्यांना पाहताच उठून उभा राहिला, स्वतः खुर्ची पुढे केली. लेकीने फोटो दाखवले, अर्धा तास पोटतिडकीने बोलली. ऐकणाऱ्यांनी चांगलं ऐकलं. मग अभियंत्याने जुनं रजिस्टर उघडलं.

"नळी बदलताना बिघडलेला भाग, काढला. असं एकोणीस वेळा. खाली सही. साहेब, ही तुमचीच ना?"

"माझीच. पण ते चूक आहे."

"तुम्ही कधी चुकीचा आकडा लिहिलात?"

"आकडे बरोबर आहेत. पुढचं वाक्य चुकीचं आहे. ते भूकंपाने मोडलेले थर होते. मी ओळखले नाहीत."

"कशावरून म्हणता?"

"एकोणीसच्या एकोणीस बोअरमध्ये एकाच पातळीला..."

"नळी एकोणीस वेळा एकाच पातळीला बदलली, साहेब. तुम्हीच शिकवलंय मला." तो हे कुत्सितपणे म्हणाला नाही, हीच तर पंचाईत. "माल आहे का बघायला?"

मिलिमीटरनी रिकामे हात टेबलावर ठेवले. कोपऱ्यातून कोणीतरी हसलं.

"मी टाकला," ते म्हणाले.

"एक नवा बोअर घ्या," लेक म्हणाली. "पाया फोडू नका, शेजारच्या रस्त्यात घ्या. दोन दिवसांचं काम आहे."

"अर्ज करा. पण एकोणीस बोअरची नोंद पूर्ण असताना विसावा कशाला, असं वरचे विचारणार." अभियंत्याने रजिस्टर मिटलं आणि आवाज खाली आणला. "सतरा वर्षं तुम्हाला हे वाक्य बरोबर वाटत होतं. आता लेकीसाठी चुकीचं म्हणताय. बाप आहात, समजू शकतो मी."

मिलिमीटरनी टेबलावर डोकं आपटलं असतं तरी समितीने नुसतं पाणी आणून दिलं असतं. इतकी वर्षं ज्या सहीवर अख्खं ऑफिस डोळे मिटून विसंबलं, तीच सही आता पुसता येत नव्हती. बापलेक जिना उतरून खाली आले, तेव्हा लेकीने त्यांचा हात धरला होता.

अर्ज केला. तो महिन्याने परत आला: नोंद पूर्ण आहे, आवश्यकता नाही. दुसरा केला, त्याचं उत्तरच आलं नाही. एकेक करून खांब चढले, मग मजले. लेक दुसऱ्या गावच्या खाणीत तेच पट्टे शोधायला निघून गेली. रविवारी फोन करायची आणि शाळेचं नाव काढायची नाही. दुसरी शाळा म्हणावी तर जवळातली जवळ बसने तासाभरावर. मिलिमीटरनी मुलाकडे विषय काढून पाहिला.

"बाबा, जमीन चांगली आहे असं तुमच्याच कागदावर लिहिलंय," मुलगा म्हणाला. "ताई म्हणते म्हणून पाच वर्षांच्या पोरीला तासभर बसमध्ये हेलपाटे घालायला लावू?"

दीड वर्षाने शाळा उघडली. पिवळा रंग, निळ्या खिडक्या, सुंदरच दिसत होती. आत चारशे मुलं. मिलिमीटर चिमणीला सोडायला जात आणि मग घरी परतत नसत. फाटकासमोर एक बाक होता, त्यावर बसून राहत. पहारेकऱ्याने सुरुवातीला हटकलं, मग कंटाळून सोडून दिलं. जमीन हलली तर हे काय करणार होते? काही नाही. त्यांनाही ते कळत होतं. तरी घरी बसवत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस बाकावर मिस्त्री येऊन बसला. नातवाला सोडून तोही तसाच थांबला होता. शाळा सुटायची वेळ होत आली तरी दोघं इमारतीकडेच बघत होते.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "माझा हात बिघडवत नव्हता ना?"

"नव्हता."

"मग तेवढं लिहून द्या."

"आता त्याचा काय उपयोग मिस्त्री? माझ्या कागदाला कोण विचारतंय?"

"मी विचारतोय की."

मिलिमीटरनी खिशातली छोटी वही काढली, मांडीवर ठेवली आणि लिहिलं: तलावाच्या जागेवरचे एकोणीसही बोअर मिस्त्रीने उत्तम घेतले. माल बिघडला नव्हता. थर मुळातच मोडलेले होते. ओळखण्यात चूक माझी झाली. माफ करा. खाली सही केली, तारीख घातली आणि पान फाडून दिलं. मिस्त्रीने ते दोनदा वाचलं, चार घड्या घातल्या आणि वरच्या खिशात ठेवलं. "अक्षर अजून तस्संच आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात घंटा झाली. चारशे पोरं चार मजल्यांवरून एकदम सुटली. जिन्यांवरून धडधड खाली यायला लागली, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, बाकाखालच्या फरशीतून ती धडधड पायांत चढली. दोन्ही म्हातारे ताडकन उभे राहिले. मिस्त्रीने मिलिमीटरचं मनगट पकडलं होतं. दोघांची नजर वर, निळ्या खिडक्यांवर.

मग पोरं फाटकातून बाहेर पडली आणि आवाज रस्त्यावर पांगला. चिमणी पाठीवर दप्तर उडवत धावत आली आणि आजोबांच्या हातात हात दिला. थोडं चालल्यावर तिने तो सोडवून घ्यायचा प्रयत्न केला.

"आजोबा, इतका घट्ट नका ना धरू," ती म्हणाली. "दुखतंय."